तुरा दोघांचाही
नायिकेच्या नखशिखान्त वर्णनांवर वाढलेल्या आम्हाला डार्विनचे उलटे चित्र मोठे नवलाचे वाटले होते: पक्ष्यांत नर नटतो, मादी निवडते. परस्परनिवडीची शक्यताही त्याने १८७१ साली तपासली. पण मनुष्य वगळता ती त्याला असंभाव्य वाटली, कारण नर म्हणे बहुधा कोणत्याही मादीस राजी! (हे निरीक्षण पक्ष्यांचे, की व्हिक्टोरियन दिवाणखान्यातले?) अलास्काच्या बुल्दिर बेटावरील क्रेस्टेड ऑकलेट या समुद्रपक्ष्यात कपाळावरचा तुरा नर-मादी दोघेही मिरवतात. जोन्स आणि हंटर यांनी लांब-आखूड तुऱ्यांच्या प्रतिकृती मांडून पाहिल्या व १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नरांनी मादीच्या आणि माद्यांनी नराच्या, लांब तुऱ्याच्या प्रतिकृतीपुढेच अधिक प्रणयाराधन केले होते. या पक्ष्याचे अंडे एकच, आणि ते उबवायचे दोघांनी. नराच्या चोखंदळपणाचे मूळ तिथेच असावे.