शितावरून भात किती ओळखावा?
(बेसबॉलच्या संख्याशास्त्राची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना)

डिसेंबर २०११मध्ये अल्बर्ट पुहोल्स या फटकेबाजाने सेंट लुईस कार्डिनल्स संघ सोडला आणि लॉस एंजेलिस एंजल्सशी दहा वर्षांचा, सुमारे २४ कोटी डॉलरचा करार केला. सेंट लुईसच्या अकरा हंगामांत त्याने ४४५ होम रन मारले होते आणि तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. एकाही हंगामात त्याचे होम रन तिसाच्या खाली गेले नव्हते. मग २०१२चा एप्रिल आला. महिनाभरात ९२ संधी, २० हिट आणि होम रन एकही नाही. नव्या संघासाठी त्याचा पहिला होम रन लागला तो ६ मे रोजी.

असे काही घडले की सगळे विचारतात, ‘याला झालंय तरी काय?’ उत्तरांनाही तोटा नसतो. पैशाचे दडपण, नव्या लीगचे अनोळखी गोलंदाज, बत्तिशी गाठलेले वय. हे पुस्तक ज्या अभ्यासशाखेची ओळख करून देते, ती मात्र कारणाकडे वळण्याआधी वेगळा प्रश्न विचारते: एवढ्याशा खेळावर विश्वास ठेवायचा तर किती? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पण किती शिते चेपून पाहिली म्हणजे भात शिजला असे खात्रीने म्हणावे, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडणे हेच या शाखेचे काम.

तिला ‘सेबरमेट्रिक्स’ म्हणतात. १९७१मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या संशोधकांची ‘सेबर’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यावरून बिल जेम्स यांनी हे नाव घडवले. जेम्स विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. कॅन्सस राज्यातल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात ते रात्रपाळीचे पहारेकरी होते, आणि १९७७पासून स्वतःच्या खर्चाने वार्षिक पुस्तिका छापून विकत होते. ज्या ज्ञानशाखेचा पाया पहारेकऱ्याच्या खोलीत घातला गेला, तिच्या दारात पदवीचा दाखला मागितला जात नाही. शाळेतले अपूर्णांक आठवत असतील तर हे पुस्तक तुम्हाला जड जाणार नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाने एक फरक आधीच ध्यानात घ्यावा. क्रिकेटमधली सरासरी म्हणजे दर बाद होण्यामागे किती धावा; तिला वरची मर्यादा नाही. बेसबॉलमधली सरासरी हे नुसते प्रमाण आहे: मोजल्या गेलेल्या संधींपैकी कितींत हिट बसला. दहात तीन, म्हणजे ०.३००, ही उत्तम फलंदाजाची खूण. सर्वोत्तम माणूससुद्धा दहातून सात वेळा हात हलवत परततो. अपयश इतके नित्याचे असल्यामुळेच या खेळात योगायोगाला भरपूर वाव मिळतो.

आता पुहोल्सचा एप्रिल समोर घेऊ. त्याची खरी क्षमता ०.३०० धरली, तर ९२ संधींत साधारण २८ हिट अपेक्षित. पण अंगातले कौशल्य तसूभरही न बदलता निव्वळ नशिबाने हा आकडा चार-साडेचारने इकडेतिकडे सरकणे अगदी स्वाभाविक आहे. त्या मापाने २० किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास निघते. पाच टक्के म्हणजे फार थोडे, असे वाटेल. पण मेजर लीगमध्ये नियमित खेळणारे फलंदाज अडीचशेच्या घरात असतात. दर वर्षी एप्रिलमध्ये त्यांतल्या बारा-तेरा जणांवर असा महिना केवळ योगायोगाने येणारच. बाकीच्या अकराबारा जणांकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्याच्या नावावर २४ कोटी डॉलर आहेत, तो मात्र लगेच डोळ्यांत भरतो.

होम रनचा हिशेब वेगळा लागतो. पंधरा संधींमागे एक होम रन मारणाऱ्याला सलग शंभर संधी कोरड्या जाण्याची शक्यता हजारात एक आहे. अडीचशे फलंदाजांची सबब इथे पुरत नाही. तेवढ्या मोठ्या गर्दीतही हे क्वचितच घडेल. म्हणजे त्याच माणसाचा, त्याच महिन्यातला एक आकडा ‘थांबा, पाहू’ म्हणतो आणि दुसरा ‘काहीतरी बदललं आहे’ म्हणतो. बेसबॉलचे अभ्यासक रसेल कार्ल्टन यांच्या संशोधनातून हाच भेद पुढे आला. स्ट्राइकआउटचे, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचे, प्रमाण साठेक संधींत भरवशाचे होऊ लागते, होम रनला पावणेदोनशेच्या आसपास लागतात आणि सरासरीला नऊशेहून अधिक, म्हणजे दीड हंगामाचा खेळ.

या शाखेतला सर्वांत देखणा प्रयोग १९७५चा आहे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७०च्या हंगामातले अठरा फलंदाज निवडले. प्रत्येकाच्या तेव्हा नेमक्या ४५ संधी झाल्या होत्या. त्यांत न्यूयॉर्क यांकीजचा नवखा थर्मन मन्सन होता: ८ हिट, ०.१७८. आणि बाल्टिमोरचा मुरलेला फ्रँक रॉबिन्सन होता: १७ हिट, ०.३७८. अठरा जणांची मिळून सरासरी होती ०.२६५. दोघा अभ्यासकांनी चार्ल्स स्टाइन यांच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन प्रत्येकाला या सामायिक आकड्याकडे ओढले; स्वतःच्या वेगळेपणाचा जेमतेम पाचवा हिस्सा त्याच्याकडे राहू दिला. मन्सनचे भाकीत ०.२४७ झाले, रॉबिन्सनचे ०.२८९. उरलेल्या हंगामात मन्सन ०.३१६ने खेळला आणि रॉबिन्सन ०.२९८ने. अठरांपैकी सोळा जणांच्या बाबतीत हे ओढलेले भाकीत सुरुवातीच्या आकड्यापेक्षा सरस ठरले. मन्सन त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. एप्रिलमध्ये कोणी त्याला घरी पाठवला असता, तर?

घरी पाठवण्याचा मोह संघांना होतोच, आणि तो बहुधा प्रशिक्षकावर शेकतो. १५ मे २०१२ रोजी एंजल्सनी फलंदाजीचे प्रशिक्षक मिकी हॅचर यांना काढले. पुहोल्सने तो हंगाम ०.२८५ सरासरी, ३० होम रन आणि १०५ धावा घडवून संपवला. या सुधारणेचे श्रेय नव्या प्रशिक्षकाला द्यायचे का? खेळाने तळ गाठला की बदल केला जातो, आणि तळापासून वाट सहसा वरच जाते. बदल केला नसता तरी ती बरीचशी वर गेलीच असती. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत सरासरीकडची हीच ओढ टिपली होती. शेअर बाजार, शाळेचे निकाल, औषधाचा गुण, सगळीकडे ती आपल्याला चकवते.

एवढे वाचून ‘धीर धरा, सगळे ठीक होईल’ हाच या शाखेचा उपदेश आहे असे कोणी समजू नये. २०११मध्ये शिकागो व्हाइट सॉक्समध्ये आलेला ॲडम डन आदल्या वर्षी ३८ होम रन मारून आला होता. त्याची सुरुवात खराब झाली आणि हंगामही खराबच संपला: सरासरी ०.१५९, होम रन ११, स्ट्राइकआउट १७७. पुढच्या वर्षी त्याच संघात त्याने ४१ होम रन मारले. उलट मार्क टेक्सेराने २००९मध्ये यांकीजसाठी एप्रिल ०.२००वर काढला आणि ३९ होम रन मारून लीगच्या अग्रस्थानी हंगाम संपवला. पहिल्या महिन्यापुरते पाहिले, तर ही प्रकरणे एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत.

आणि पुहोल्स? सेंट लुईसच्या त्या अकरा हंगामांत त्याची सरासरी ०.३२८ होती, एंजल्ससाठी ती ०.२५६ भरली. कारकीर्दीत त्याने ७०३ होम रन मारले, पण २०१२नंतर एकाही हंगामात तो ०.३०० गाठू शकला नाही. त्या एप्रिलमधला सरासरीचा खड्डा बराचसा नशिबाचा होता. होम रनच्या दुष्काळात मात्र उतरत्या वयाची चाहूल होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला शिकणे हा या अभ्यासाचा पहिला धडा.

दडपण, घराची आठवण, नव्या सहकाऱ्यांत वाटणारा संकोच या गोष्टी खोट्या आहेत असे संख्याशास्त्र म्हणत नाही. ते एवढेच सांगते की योगायोगाचा वाटा आधी वजा करा. जे उरेल त्यासाठी कारण शोधा.

वाचकांना एक विनंती. पुढच्या प्रकरणांतली उदाहरणे नुसती वाचू नका, कागद-पेन्सिल घेऊन सोडवा. मग आपल्या आवडीच्या खेळातला, नव्या संघात गेल्यावर चाचपडणारा एखादा खेळाडू निवडा आणि वर्तमानपत्राने निकाल देण्याआधी त्याच्या संधी मोजा. ज्यांना आकड्यांचे भय वाटते त्यांनी तर हे जरूर करावे. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहिले आहे.