लोगोतल्या रेघा

2018 चा मे महिना. नागपूरचा मे म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी आणि भाऊजी बसलो होतो. ताईला एकतिसावा आठवडा चालू होता आणि कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं देतोय. चार आहेत, बारा-बारा तासांनी. तेवढा वेळ मिळाला तर बरं."

वेळ मिळाला. चारही इंजेक्शनं झाली आणि तिसऱ्या दिवशी चौदाशे ग्रॅमचा भाचा जन्माला आला. पुढचे पाच आठवडे मी रात्री एनआयसीयूच्या बाहेर बसून मोबाईलवर वाचत असायचो. सॉफ्टवेअरवाल्याला दुसरं काय येतं? एरर आली की सर्च करायचं! तर त्या इंजेक्शनाबद्दल वाचता वाचता मी एका लोगोपाशी येऊन पोचलो, आणि त्या लोगोपासून फिरून पुन्हा नागपूरलाच. आजची गोष्ट त्या प्रवासाची.

गोष्ट सुरू होते न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचे मॉन्ट लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती सुरू कशामुळे होते, हा त्यांचा प्रश्न. स्टेरॉइड दिल्यावर दिवसांआधी जन्मलेल्या एका कोकराची फुफ्फुसं हवेने फुगलेली दिसली. त्या वयाच्या कोकराने खरं तर श्वासच घ्यायला नको होता. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन त्यांनी 1969 च्या अखेरीस माणसांवर चाचणी सुरू केली. 282 बायका, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले दोन गट. 1972 मध्ये निकाल छापून आला. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतले मृत्यू साध्या गटात 15 टक्के, तर स्टेरॉइडच्या गटात 3.2 टक्के. औषध स्वस्त, कोर्स दोन दिवसांचा. आता तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवसापासून जगभर हे इंजेक्शन सुरू झालं असेल.

तर नाही! पुढे जवळजवळ वीस वर्षं बहुतेक डॉक्टरांनी ते वापरलंच नाही.

का? कारण त्यानंतर ठिकठिकाणी छोट्या-छोट्या चाचण्या झाल्या, आणि एकेक सुटी बघितली तर बहुतेकींचा निकाल 'नक्की सांगता येत नाही' असाच होता. शंभर-दोनशे बाळांच्या अभ्यासात नशिबाचा भाग इतका मोठा असतो की खरा फायदा त्यात झाकून जातो. ज्याने जी चाचणी वाचली, त्याने त्यावरून मत बनवलं. सगळ्या एका टेबलावर मांडून कोणी बघितल्याच नव्हत्या.

आता ही मांडून बघायची कल्पना काही नवी नव्हती. 1904 मध्ये कार्ल पिअरसन या संख्याशास्त्रज्ञाने टायफॉइडच्या लशीचे आकडे एकत्र केले होते. दक्षिण आफ्रिका आणि आपल्या हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचे. वेगवेगळ्या पलटणींचे निकाल एकमेकांशी फारच विसंगत निघाले. तेव्हा त्याने सांगितलं की सरसकट टोचू नका, आधी नीट प्रयोग करा. नाव नोंदवणाऱ्यांपैकी दर दुसऱ्यालाच टोचा आणि मग फरक बघा. म्हणजे निकाल एकत्र करण्याच्या शास्त्राने पहिल्याच खेपेला 'हे आकडे जोडण्यालायक आहेत का?' असं विचारलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1979 मध्ये आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरने आपल्याच व्यवसायाला खडसावलं. प्रत्येक शाखेतल्या सगळ्या चाचण्या गोळा करून, पारखून, वेळोवेळी सुधारून ठेवलेला गोषवारा आपल्याकडे नाही, याची लाज वाटली पाहिजे, असा त्याचा सूर. सगळ्यात मागे कोण, तर प्रसूतिशास्त्र! ही गोष्ट प्रसूतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या इयन चाल्मर्सनी मनावर घेतली. स्टेरॉइडच्या चाचण्या गोळा केल्या डब्लिनच्या पॅट्रिशिया क्रॉली यांनी. 1990 च्या त्यांच्या आढाव्यात 12 चाचण्या आणि 3000 च्या वर सहभागी होते. आता चित्र लख्ख होतं: बाळांचे मृत्यू ठळकपणे कमी होतात. मधल्या वर्षांत किती बाळं उगाच गेली असतील, त्याचा विचार तुम्हीच करा.

1992 मध्ये ऑक्सफर्डला कॉक्रेन सेंटर निघालं, 1993 मध्ये त्याची जागतिक संघटना झाली आणि तिचा लोगो ठरला तो याच इंजेक्शनाचा आलेख. एक उभी रेष, म्हणजे 'काही फरक नाही'. तिच्याभोवती सात आडव्या रेघा, म्हणजे सात चाचण्या. रेघ जितकी लांब तितकी अनिश्चितता जास्त. बहुतेक रेघा उभ्या रेषेला छेदून जातात. पण खाली एक छोटा चौकट आहे, पत्त्यातल्या चौकटसारखा. ती सगळ्यांची एकत्रित किंमत, आणि तो चौकट उभ्या रेषेच्या एका बाजूला स्वच्छ उभा आहे. रात्री दोन वाजता एनआयसीयूबाहेर ते चित्र समजलं तेव्हा काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता ही पद्धत कशी चालते ते थोडक्यात. प्रश्न आणि निकष आधी लिहून ठेवायचे, आकडे बघितल्यावर बदलायचे नाहीत. शोध सगळीकडे घ्यायचा, न छापलेल्या अभ्यासांचासुद्धा, कारण फायदा न दिसलेले अभ्यास कपाटात पडून राहतात. कुठले घ्यायचे ते दोन माणसांनी एकमेकांना न विचारता ठरवायचं (आमच्याकडचा कोड रिव्ह्यू आठवा!). मग प्रत्येक अभ्यास कितपत निष्पक्ष आहे ते तपासायचं. बेरीज सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हे शिकायचं असेल तर 2004 मध्ये मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये पायरी-पायरीने लिहिलेला लेख आहे, अजूनही सुरेख वाटतो. आणि आढाव्यांचाच आढावा घ्यायला 2007 मध्ये अ‍ॅमस्टार नावाची प्रश्नावली आली, 2017 मध्ये ती सुधारली गेली.

एवढं सगळं वाचून मी खूश होतो. भाऊजींना पण ऐकवलं. आणि मग एका रात्री नागपूर हा शब्द दिसला.

प्रश्न असा होता: लोगोतल्या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या. तिथे दिवस नीट मोजलेले, खाली एनआयसीयू तयार. पण दिवसांआधी जन्मून दगावणारी बाळं सगळ्यात जास्त कुठे? गरीब देशांत, खेड्यांत. मग इंजेक्शन खेड्यापर्यंत नेलं तर? 2011 ते 2014 या काळात सहा देशांत मोठी चाचणी झाली, नाव अ‍ॅक्ट: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत. भारतात दोन केंद्रं, बेळगाव आणि आपलं नागपूर. नागपूरचं काम डॉ. अर्चना पटेल यांच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनकडे. गावांचे 101 गट, सुमारे 98,000 जिवंत जन्म. अर्ध्या गटांत दाया, नर्स, डॉक्टर यांना प्रशिक्षण, इंजेक्शनाचं किट आणि पोटाची उंची मोजून महिना ओळखायची रंगीत टेप दिली.

इंजेक्शन पोचलं का? पोचलं. अगदी लहान जन्मलेल्या बाळांच्या आयांपैकी 45 टक्क्यांना मिळालं, दुसऱ्या गटात फक्त 10 टक्क्यांना. पण त्या लहान बाळांचे मृत्यू? हजारी 225 विरुद्ध 232. म्हणजे फरक नाहीच म्हणा. आणि सगळ्या बाळांचे मिळून बघितले तर इंजेक्शनाच्या गटात हजारी 27.4 आणि दुसऱ्या गटात 23.9. वाढले! आयांना जंतुसंसर्ग झाल्याचा संशयही जास्त होता.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. आत काचेमागे भाचा झोपला होता.

याचं उत्तर एका वाक्यात नाही, आणि तज्ज्ञांतही त्यावर बराच काथ्याकूट झाला. पण काही गोष्टी स्पष्ट आहेत. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बहुतेकींची बाळं लहान नव्हतीच. टेपने दिवस मोजणं म्हणजे अंदाजच. ज्या बाळाला गरज नाही त्याला औषधाचा फायदा शून्य, धोका मात्र शिल्लक. आणि ज्याला गरज होती, त्याला जन्मल्यावर ऊब, ऑक्सिजन, सलाईन कोण देणार? आमच्या ऑफिसात एक जुना विनोद आहे. टेस्टर बग दाखवतो आणि डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" लोगो खोटा नव्हता. तो त्या मशीनवर खरा होता.

आढावे पारखणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. 2004 मध्ये मांडलेल्या ग्रेड पद्धतीत पुराव्यावरचा विश्वास कमी करायची पाच कारणं आहेत. त्यात एक हेच: अभ्यासातली माणसं आणि आपली माणसं वेगळी आहेत का? पण चौकट इतका देखणा असला की या रकान्याकडे लक्ष जात नाही. आपल्या केंद्र सरकारनेही 2014 मध्येच एएनएमने इंजेक्शन देण्याच्या सूचना काढल्या होत्या. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अटी घातल्या: दिवस नक्की माहीत हवेत, प्रसूती लवकरच होणार हे दिसत हवं, आईला संसर्ग नको, आणि आई-बाळ दोघांची काळजी घ्यायची सोय हवी.

मग त्या अटी पाळून बघितल्या तर? तीही चाचणी झाली, 2020 मध्ये निकाल आला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, नायजेरिया इथली 29 रुग्णालयं, सोनोग्राफीने मोजलेले दिवस, 2852 बायका. बाळांचे मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर. फायदा इतका स्पष्ट की चाचणी आधीच थांबवली. त्यातही बेळगाव होतंच.

इथे आमच्या शेजारची गडचिरोली आठवल्याशिवाय राहत नाही. अभय आणि राणी बंग यांनी 1999 मध्ये दाखवलं होतं की 39 गावांत, घरीच, गावातल्याच बाईने नवजात बाळाची काळजी घेतली तर मृत्यू हजारी 62 वरून 25.5 वर येतात. तिथे एक जादूचं इंजेक्शन नव्हतं. ऊब, दूध, वजन, जंतुसंसर्ग ओळखणं आणि वेळेवर उपचार, सगळं मिळून होतं, आणि तेही जन्मानंतर पुन्हा पुन्हा कोणीतरी दारात येऊन.

असो. भाचा आता शाळेत जातो आणि घरभर सायकल फिरवतो. ताईची सोनोग्राफी वेळेवर झाली होती, खाली एनआयसीयू होतं, म्हणून ती लोगोतल्या रेघांच्या आत होती. त्याच आठवड्यात धंतोलीपासून तासाभराच्या अंतरावर कोणी बाई त्या रेघांच्या बाहेर असेल. तिच्यासाठी कोणीतरी नागपूरच्याच गावांत मोजून बघितलं आणि नको ते उत्तर आलं तरी छापलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पुढच्या वेळी कोणी 'संशोधनाने सिद्ध झालंय' म्हणालं, तर एवढंच विचारा: कुठे, आणि कोणावर?