स्वमग्न मूल हट्टी नसतं. घरी अन् शाळेत त्याच्याशी कसं वागावं?

शाळेची घंटा वाजली की सगळी पोरं पळत सुटतात. एखादं मात्र कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसतं. हाक मारली तरी वळून बघत नाही. नेहमीची वाट बदलली तरी रडून गोंधळ घालतं. गावात लगेच 'वेडसर', 'बाहेरचं लागलंय' अशी बोलणी सुरू होतात. असं मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं असू शकतं.

स्वमग्नता म्हणजे काय?
हे वेड नाही. मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने झालेली असते. आईबापाच्या चुकीने, लसीने किंवा बाधेने ती होत नाही. अंगारे-धुपारे अन् मारझोड याने मूल उलट जास्त बिथरतं.

घरी काय करावं?
• जेवण, अंघोळ, शाळेची वेळ ठरलेली ठेवा.
• लग्नाला, जत्रेला न्यायचं तर आदल्या दिवशीच सांगा, मोबाईलवर जागेचा फोटो दाखवा. डीजे, फटाक्यांपासून लांब ठेवा.
• छोटं वाक्य बोला, उत्तराला वेळ द्या.
• हात हलवणं, झुलणं याने त्याला बरं वाटतं. इजा होत नसेल तर अडवू नका.
• बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. त्याच्यासमोर त्याची गाऱ्हाणी सांगू नका.

वर्गात काय करावं?
• बसायची जागा ठरलेली अन् गोंगाटापासून लांब असावी.
• दिवसभराचे तास चित्रांनी फळ्यावर दाखवावेत.
• 'माझ्या डोळ्यांत बघ' अशी सक्ती नको.
• मूल बिथरलं तर ओरडू नये. गर्दी हटवून शांत जागी न्यावं.
• चिडवणाऱ्या पोरांना गुरुजी-बाईंनी समजावून सांगावं.

कुठे जावं?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी करतं. त्यांना शंका मोकळेपणाने सांगा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. 'मोठं झालं की बोलेल' म्हणून थांबू नका. लवकर मदत मिळाली तर फायदा जास्त.

हक्क काय?
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. 'निरामय' योजनेत 1 लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. दिव्यांगाचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा याच कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून पाराबसल्या नावं ठेवण्याआधी विचार करा. त्या पोराला ते ऐकू येत असतं.