शिक्क्यावर शिक्का

विजयाची वार्ता प्रजेच्या हाती पोहोचविण्यास नाण्याइतका स्वस्त जासूद नाही, हे रोमन अंमलदारांनी पुरते ओळखले होते. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडल्यानंतर ते जिंकणाऱ्या टायटसच्या नावाने यहुदिया प्रांतात पाडलेल्या नाण्यांवर, खजुरीला टांगलेल्या ढालीवर जयलेख कोरणारी पंखधारी विजयदेवता उभी असून भोवतालचा मजकूर, वाचणारे ग्रीकभाषी असल्यामुळे, ग्रीक आहे.

पैठणच्या सातवाहन राजधानीवरून परभणी जिल्ह्यात पाथरी-गंगाखेडकडे उतरणाऱ्या गोदावरीच्या काठी मात्र विजयाचा उच्चार निराळ्या रीतीने झाला. याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळ जोगलटेंभी येथे, १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक रौप्यनाणी सापडली, आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उठविलेला होता: पराभूताच्या मुखवट्यावर तीन कमानींचा पर्वत, पाठीवरील वज्र-बाणांवर उज्जयिनी-चिन्ह. ती चांदी वितळवून कोरी नाणी पाडणे त्याच्या टांकसाळीला अशक्य नव्हते. पण तसे न केल्यामुळे पर्वताच्या आडून नहपानाचे नाक किंवा त्याच्या नाण्यावरील ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा अजून डोकावतो. कोणी यास निव्वळ काटकसर म्हणेल. मला त्यात हेतू दिसतो. विजयदेवतेची त्याला गरजच काय, शत्रूचा चेहराच हाताशी असताना? त्याची माता गौतमी बलश्री हिनेही नाशिकच्या लेण्यातील लेखात नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद पुत्राच्या नावे स्पष्ट नोंदविला आहे.