मोटरसायकलवर तेलतापमापक बसविताना

उन्हाळ्याच्या दुपारी कसारा किंवा खंबाटकी घाटात वाहनांची रांग खोळंबली, की मोटारचालकाची नजर आपसूक तापमापकाच्या काट्याकडे वळते. मोटरसायकलस्वाराला ही सोय सहसा नसते. हवेवर थंड होणाऱ्या, म्हणजेच एअर-कूल्ड इंजिनाच्या बहुतेक दुचाकींवर वेग, कापलेले अंतर आणि टाकीतील पेट्रोल एवढेच कळते. इंजिन किती तापले आहे, हे ताकद कमी झाल्यावर किंवा इंजिन सीझ झाल्यावरच ध्यानात येते. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघणारे अनेक स्वार गाडीवर तेलतापमापक बसवून घेतात. हे उपकरण तेल थंड करीत नाही, ते केवळ वेळीच सावध करते. तेही नीट बसविले असेल आणि त्याचा आकडा वाचण्याची सवय असेल तरच.

तेलाचेच तापमान का?

एअर-कूल्ड इंजिनात तेल दुहेरी काम करते. सुट्या भागांमधील घर्षण ते कमी करतेच, शिवाय पिस्टन आणि सिलिंडर हेडकडील उष्णताही वाहून नेते. तापमान वाढेल तसे तेल पातळ होते आणि बेअरिंगवरील त्याचा थर विरळ होतो. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडेशनही झपाट्याने वाढते. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. उलटपक्षी, तेल पुरेसे तापलेच नाही तर ज्वलनातून आत शिरलेली पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही व तेल गढूळ होते. म्हणजे अतिताप जितका वाईट, तितकेच नेहमीचे अर्धवट तापणेही वाईट.

दोन प्रकार

पहिला प्रकार तेल भरण्याच्या झाकणाच्या किंवा डिपस्टिकच्या जागी बसणारा. यात दोन धातूंच्या पट्टीवर चालणारी छोटी डायल असते. वायरिंग लागत नाही, खर्चही कमी. मात्र चालत्या गाडीवरून वाकून ती पाहणे धोक्याचे असते, आणि तेलाची पातळी खाली गेल्यास टोक हवेत राहून चुकीचा आकडा दिसतो.

दुसरा प्रकार विजेवर चालणारा. यात तेलात बुडणारा सेन्सर आणि हँडलवर डायल अशी जोडी असते. सेन्सर बहुधा ड्रेन प्लगच्या जागी किंवा अडॅप्टर लावून ऑइल कूलरच्या नळीत बसवितात. तेल कूलरमधून बाहेर पडते त्या नळीतील आकडा इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलापेक्षा कमी येतो, हे ध्यानात ठेवावे. सेन्सर आणि डायल एकमेकांशी जुळणारेच हवेत. दोन वेगळ्या संचांतील भाग जोडल्यास काटा हलतो, पण खोटे सांगतो.

बसविण्याचा क्रम

बसविण्यापूर्वी सेन्सरची परीक्षा घ्यावी. तो वायरने डायलला जोडून, अर्थिंग देऊन, उकळत्या पाण्यात धरावा. मुंबईत काटा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास यावा. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना, तर लेहमध्ये सुमारे ८८ अंशांनाच उकळते, हा फरक हिशेबात धरावा.

त्यानंतर इंजिन कोमट असताना तेल काढून घ्यावे. ड्रेन प्लगच्या आट्यांचे माप गाडीच्या पुस्तिकेतून पाहूनच सेन्सर किंवा अडॅप्टर निवडावा. त्याचे टोक आतील फिरत्या भागांना लागत नाही आणि बाहेरचा भाग गतिरोधकावर घासत नाही, याची खात्री करावी. वॉशर नवा घालावा आणि सेन्सर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकाच आवळावा. ॲल्युमिनियमचे आटे जादा जोराने सहज जातात, आणि मग लेथवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका वायरीच्या सेन्सरला इंजिनातूनच अर्थ मिळतो. आट्यांवर टेपचे वेढे दिल्यास तो तुटू शकतो.

डायलला वीज इग्निशन स्विचनंतरच्या वायरीतून, कमी क्षमतेचा फ्यूज लावून घ्यावी. वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून ती ताणली जात नाही ना, हे पाहावे. शेवटी तेल भरून इंजिन काही मिनिटे चालवावे आणि गळती तपासावी.

आकडा वाचताना

एअर-कूल्ड गाडीत मोकळ्या रस्त्यावर तेल साधारण ९० ते १२० अंशांदरम्यान असते. १३० च्या पुढे काटा रेंगाळू लागला तर वेग व भार कमी करावा. रांगेत अडकले असल्यास इंजिन बंद करून गाडी सावलीत उभी करावी. तापलेल्या इंजिनावर पाणी मात्र ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

तथापि या आकड्यांपेक्षा आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. पहिले काही आठवडे शहरात, महामार्गावर आणि घाटात काटा कुठे स्थिरावतो, याची नोंद ठेवावी. त्याच रस्त्यावर, तशाच हवेत काटा एके दिवशी १५ अंश वर दिसला, तर तेलाची पातळी, कूलरमध्ये साचलेली माती किंवा इंधनाचे मिश्रण तपासावे. काटा क्षणार्धात टोकाला गेला, तर बहुधा वायर सोलून इंजिनाला टेकलेली असते. एकदम शून्यावर आला तर ती तुटलेली असते. खरी उष्णता अशी उडी मारत नाही, ती हळूहळू चढते.

तापमापक तेलाचा दाब किंवा पातळी सांगत नाही, हेही विसरू नये. काटा शांत असला तरी दर प्रवासापूर्वी डिपस्टिक पुसून तेल पाहण्याची जुनी सवय सोडू नये.