उंदराच्या लसीका अवयवांतील रोगप्रतिकारक पेशी

थायमस ग्रंथी, अस्थिमज्जा, प्लीहा, लसीका ग्रंथी व आतड्यातील पायर पट्ट यांत आढळणाऱ्या टी-पेशी, बी-पेशी, महाभक्षी पेशी, डेंड्रायटिक पेशी इत्यादींचा समूह. त्यांची ओळख सहसा पृष्ठभागावरील प्रथिनांवरून पटवतात : टी-पेशीवर सीडी३, बी-पेशीवर सीडी१९. ही खूण आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. पेशीचा स्वभाव ती कोणत्या अवयवात, त्याच्या कोणत्या भागात आहे यावरही ठरतो. थायमसमधील सुमारे ८० टक्के पेशींवर सीडी४ व सीडी८ दोन्ही असतात, कारण त्या अजून घडत असतात. लसीका ग्रंथीतील परिपक्व टी-पेशीवर बहुधा यांपैकी एकच असते. जाक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात पिलांचा थायमस काढला, तेव्हा त्यांच्यातील लसीकापेशी घटल्या आणि परकी त्वचा त्यांच्या अंगावर टिकू लागली. घडण्याची जागा गेली, की पेशीही उणावतात.

जागेचा हा प्रभाव प्लीहेत अधिक स्पष्ट दिसतो. लाल गरातील महाभक्षी पेशी जीर्ण तांबड्या पेशी गिळून लोह परत मिळवतात; त्यांच्यावर एफ४/८० हे प्रथिन असते. थोड्याच अंतरावर, लाल व पांढऱ्या गरांमधील सीमाक्षेत्रात रक्तातील जंतू पकडणाऱ्या महाभक्षी पेशींवर ते जवळजवळ नसते. बी-पेशींचेही तसेच : पांढऱ्या गरातील पुटिकेतल्या पेशीवर सीडी२३ भरपूर, तर सीमाक्षेत्रातल्या पेशीवर ते कमी आणि सीडी२१ अधिक; शर्करायुक्त आवरणाच्या जंतूंविरुद्ध या दुसऱ्या पेशी टी-पेशींच्या मदतीवाचून झटपट प्रतिपिंडे तयार करतात.

फ्लो सायटोमीटर एकाच वेळी अनेक खुणा मोजतो, मग जागेचा प्रश्न उरतोच कुठे, असे कोणी म्हणेल. पण त्यासाठी प्लीहा जाळीवर चोळून पेशी सुट्या कराव्या लागतात. जागेची माहिती तिथेच पुसली जाते, आणि ऊतकाला घट्ट चिकटलेल्या महाभक्षी व डेंड्रायटिक पेशी कोलॅजिनेज विकराविना पुरेशा निघत नाहीत. म्हणजे आकडेवारीत पेशींइतकीच पद्धतही बोलते. प्राणी मारण्यापूर्वी काही मिनिटे शिरेतून रंगीत प्रतिपिंड टोचल्यास लाल गर व सीमाक्षेत्रातील पेशी रंगतात, पांढऱ्या गरातील बहुतांशी कोऱ्या राहतात. त्यामुळे पुसलेली जागा काही प्रमाणात परत कळते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. उंदराच्या प्लीहेत रक्तनिर्मिती प्रौढपणीही चालते, निरोगी माणसाच्या नाही. मात्र २०१६ मध्ये दिसले, की पाळीव प्राण्यांच्या दुकानातील उंदरांसोबत ठेवलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांत स्मृती-टी-पेशी वाढून त्यांची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसाच्या अधिक जवळ जाते. फरकाचा काही भाग जातीचा नसून रोगजंतुमुक्त ठेवलेल्या पिंजऱ्याचा असतो. म्हणून पेशीच्या नोंदीत खुणांच्या जोडीने अवयव, त्याचा भाग, पेशी सुट्या करण्याची रीत आणि प्राण्याचे वय व निवास यांचा उल्लेख हवा.