उपयोजित नीतिशास्त्र शिकवणारे विद्यार्थी-साहाय्यक

पदवीचे शिक्षण घेत असतानाच इतर विद्यार्थ्यांना शिकवण्यात प्राध्यापकांना मदत करणारे विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी-साहाय्यक. गणितात ते उत्तर तपासू शकतात. नीतिशास्त्रात तयार उत्तर नसते. त्यामुळे त्यांना वेगळे प्रशिक्षण लागते.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात विद्यार्थी-साहाय्यकांची परंपरा १९६० च्या दशकापासून आहे. प्राध्यापक अँड्रिस व्हॅन डॅम यांनी ती रुजवली. २०१९ मध्ये याच विभागाने नीतिविषयक भागासाठी स्वतंत्र विद्यार्थी-साहाय्यक नेमले. हार्वर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या अशाच उपक्रमात ही जबाबदारी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांकडे असते. ब्राऊनचे साहाय्यक मात्र स्वतःच विद्यार्थी असतात. आज्ञावली लिहिताना कोणता प्रश्न कुठे उभा राहतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते; तत्त्वज्ञानाचा पाया मात्र कच्चा असू शकतो.

चर्चा कशी चालवायची?

एक उदाहरण पाहू. आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचा अंदाज बांधणारी ‘कॉम्पास’ ही प्रणाली अमेरिकेतील काही न्यायालये वापरतात. २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील एका काउंटीची आकडेवारी तपासली. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के लोकांना प्रणालीने जास्त धोक्याचे ठरवले होते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २३.५ टक्के होते. कंपनीचे म्हणणे असे, की समान गुण मिळालेल्या दोन्ही गटांतील लोकांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण जवळपास सारखेच आहे. दोन्ही गटांत पुन्हा गुन्हा करण्याचे मूळ प्रमाण वेगळे असेल, तर न्यायाच्या या दोन्ही कसोट्या सहसा एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत, हे संशोधकांनी गणिताने दाखवले.

इथे साहाय्यकाचा पाय दोन बाजूंनी घसरू शकतो. एक, स्वतःचे मत बरोबर उत्तर म्हणून सांगणे. दोन, ‘प्रत्येकाचे मत आपापल्या जागी बरोबर’ म्हणून विषय मिटवणे. प्रशिक्षणात यांमधली वाट शिकवावी लागते: चुकीच्या अंदाजाची किंमत कोण मोजतो? कोणती चूक अधिक गंभीर, आणि का? असे प्रश्न विचारून प्रत्येकाकडून कारणे मागायची. ज्या गटाविषयी बोलणे चालू आहे, त्या गटातला विद्यार्थी वर्गात असेल तर त्याला साऱ्या समाजाचा प्रतिनिधी करायचे नाही, हेही शिकवावे लागते.

गुण कसे द्यायचे?

साहाय्यक उत्तरे तपासतो तेव्हा त्याच्या हाती वर्गमित्राचे गुण असतात. मत न पटल्याने गुण कापले गेले, तर विद्यार्थी पुढच्या वेळी तपासणाऱ्याला आवडेल तेच लिहील. म्हणून गुण निष्कर्षाला नव्हे, तर युक्तिवादाला द्यायचे असतात: बाधित होणारे लोक ओळखले का, विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली का, कारणे निष्कर्षापर्यंत पोहोचतात का. प्रशिक्षणात एकच उत्तर अनेक साहाय्यकांनी वेगवेगळे तपासून गुण ताडून पाहणे उपयोगी ठरते. स्वतःला न पटणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण देता आले, की साहाय्यक या कामासाठी तयार झाला असे समजायला हरकत नाही.